दोन हाका

माझ्या लेकीला, शर्वीला, इंग्रजी शाळेत घालायचंय, म्हणून रोज दुपारी मी मोबाईलवर आवाजांचा खेळ लावते. दोन चित्रं दिसतात, त्यातल्या एकाचा शब्द ऐकू येतो, त्या चित्रावर बोट ठेवायचं. मला दोन्ही चित्रांचे शब्द अगदी सारखेच वाटतात. चार वर्षांची शर्वी एकदाही चुकत नाही.

बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, लहानपणी जे आवाज कानावर पडले नाहीत, त्यांच्यातला फरक मोठेपणी ऐकूच येत नाही.

काल तिला जेवायला हाक मारली, तर ती अंगणात नुसती उभी.

"दोघी बोलावतात. कुणाकडं येऊ?"

"दोघी कोण?"

"तू, अन् मागच्या दाराची."

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. "मला तं एकच ऐकू आली," त्या म्हणाल्या. "पहिल्या हाकेला ओ देऊ न्हाई, हे तुझ्या मोबाईलात न्हाई शिकवत का?"

आज त्या शेतात गेल्यात. मी मागचं दार लावून कडी घातली, शर्वीला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी हळूच म्हटलं, "शर्वी."

खेळात करते तशी तिनं मान तिरपी केली. बाहेरूनही हाक आली की नाही, मला सांगता येणार नाही.

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मांडीवरून उतरून ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"काकू, कडी काढा ना," ती मला म्हणाली. "माझी आई बाहेर राहिली."