मित्राचे सेट

टीव्हीच्या मागच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू निघाला, तेव्हा मित्र शेजारीच खुर्चीत बसून बघत होता.

"कुणाचा सेट आहे?" मित्राने विचारलं.

"माझाच," असं सांगून त्याने झाकण बाजूला ठेवलं. मित्राने समाधानाने मान हलवली.

सेट मित्राच्या घरातला होता. दोघांना नाद एकच. लोकांनी माळ्यावर टाकलेले जुने, लाकडी पेटीतले टीव्ही शोधून आणायचे आणि काचेवर चित्र उमटेपर्यंत जिवाचं रान करायचं. मैत्री त्यातूनच झाली आणि चुरसही. चांगला माल दरवेळी मित्राच्या हाती आधी लागायचा, हे त्याला कायम सलत आलेलं. मग मित्राचं विसरणं सुरू झालं. आधी टीव्हीतल्या व्हॉल्व्हचे नंबर गेले, मग मुलांची नावं.

पहिल्यांदा तो खरोखर भेटायलाच गेला होता. उठताना एका सेटची बटणं नजरेस पडली. घरच्या सेटला हवी होती, अगदी तशीच. त्याने ती काढून खिशात टाकली. मित्र बघत होता, पण त्याच्या बघण्याला आता काही अर्थ उरला नव्हता. पुढच्या खेपेला स्पीकर गेला. नंतर तो पिशवी घेऊनच यायला लागला. हात काम करायचे आणि तोंडाने मित्राच्या जुन्या गोष्टींना हो ला हो चालायचं. मित्राची बायको चहा ठेवून आत जायची. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, याबद्दल त्याची खात्री होती. खोलीतले सेट मात्र संपत नव्हते. एक पोखरून व्हावा, तर दुसरा समोर हजर. पठ्ठ्याने किती दडवून ठेवलं होतं, या विचाराने त्याचा जळफळाट व्हायचा.

आज पिक्चर ट्यूबच निघाली. चादरीत गुंडाळून, छातीशी धरून तो दारापर्यंत आला, तर वहिनी दार उघडून उभ्या. दुरुस्त करून परत आणतो, असं काहीतरी तो पुटपुटला. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही.

"भावजी, यांचे सेट कधीच संपले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नंतरचे सगळे मी भंगारातून आणून मांडले. तुम्ही येता त्या दिवशी यांच्या पोटात दोन घास जातात. मला नावाने हाक मारतात. खोली रिकामी दिसली असती, तर तुम्ही फिरकला नसता."

आत मित्र रिकाम्या पेटीकडे बघत कसलीशी गोष्ट रंगात येऊन सांगत होता. समोरून कोणीतरी उठून गेलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आता माझ्याच्याने ते ओझं उचलवत नाही," वहिनी म्हणाल्या. "नुसतेच येत जाल का?"

तो उंबऱ्यात थांबला. ट्यूब घसरू नये म्हणून त्याने चादरीची गाठ आवळली. वहिनी उत्तराची वाट बघत होत्या.

"वहिनी," शेवटी तो म्हणाला, "भंगारवाला कुठला?"