पंधरा सेकंद

"सुई उचल," दादा म्हणाला. "अकरा वर्षांत काडीचाही फरक पडलेला नाही."

धाकटीने सुई उचलली नाही. अकरा वर्षांनी ती भावाच्या घरात पाऊल टाकत होती, आणि ते काही त्याच्या तब्येतीची चौकशी करायला नव्हे. फिरत होती ती रेकॉर्ड तिचीच होती. युरोपातल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या बरोक काळातला कॉन्चेर्टो, बारा जणांचा वाद्यवृंद, वाद्यं त्या काळच्या घडणीची, तारा आतड्याच्या, आणि सगळ्यांच्या पुढे व्हायोलिन घेऊन ती स्वतः. सहा महिने तालमी करकरून बोटांना घट्टे पडले होते. दादाने आपल्या पुस्तकात तिला दोन शब्दांत निकालात काढलं: 'झोपेत वाजवलेली.'

ते पुस्तक म्हणजे अशा रेकॉर्डींची तुलना. दुकानदार ते उघडूनच माल मागवत. वर्षभरात वाद्यवृंद मोडला. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही म्हणून दादाच्या निःपक्षपातीपणाचं मात्र केवढं कौतुक झालं! आता पाचवी आवृत्ती छापायला जायची होती. एक कंपनी तिची रेकॉर्ड पुन्हा काढायला तयार होती, पण पुस्तकातले ते दोन शब्द गेले तरच.

"पहिला क्रमांक मी ज्या रेकॉर्डला दिलाय, ती ऐकलीस ना मघाशी?" दादाचा सूर वर्गात उभं केल्यासारखा होता. "जुनी वाद्यं आहेत असं तिच्या कव्हरवर कुठेही लिहिलेलं नाही. पण सूर बरोबर अर्धा स्वर खाली. जुन्या पद्धतीने तसाच लावतात. कान असला की कव्हर वाचावं लागत नाही. आणि तुम्ही? अख्खा स्वर खाली घसरलात, वर रेंगाळताय!"

"आम्हीही अर्धाच उतरवला होता. तीन पत्रांत लिहिलं तुला."

"म्हणजे माझे कान खोटे?"

धाकटीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिने गिळलं, कारण हातातल्या कव्हरच्या मागच्या बाजूकडे तिचं लक्ष गेलं होतं. तिसरा भाग, चार मिनिटं दहा सेकंद. तो भाग आत्ता सुरू होत होता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले. दादा काहीबाही टोमणे मारत राहिला. शेवटचा स्वर विरला तेव्हा चार मिनिटं पंचवीस सेकंद झाले होते.

"पंधरा सेकंद जास्त," ती म्हणाली. "दादा, तुझं मशीन हळू फिरतंय. हळू फिरलं की गतीही पडते आणि सूरही. म्हणून मी झोपाळू! आणि तुझी ती पहिल्या क्रमांकाची लाडकी आजच्या साध्या वाद्यांवरची आहे. तिला अर्धा स्वर खाली ओढलंय ते तुझ्या मशीनने."

दादाचा चेहरा पडलेला पाहून तिचा राग कुठल्या कुठे गेला. भांडायची पुरती तयारी करून आलेली ती, पण आता तिला हसूच फुटायला लागलं. अकरा वर्षांचं वैर, आणि त्याच्या मुळाशी मशीनची तबकडी फिरवणारा एक सैल झालेला रबरी पट्टा! बिचाऱ्याला काय माहीत. त्याच्या कानांनी त्याला फसवलं नव्हतं, मशीनने फसवलं होतं.

"नवा पट्टा टाक," ती मऊ आवाजात म्हणाली. "एकदा ऐक आणि ती ओळ काढ. मी कुणाला सांगणार नाही."

दादा मशीनकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता. तिथे वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"अगं, तू आत जा," दादा म्हणाला.

वहिनी हलली नाही. "वन्सं," ती म्हणाली, "तो मशीनखालचा खण उघडा."

खणात पुसायचं फडकं होतं, आणि त्याच्याखाली एक पाकीट. पाकिटावर मेकॅनिकच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मशीन हळू फिरते. पट्टा बदलावा.' खाली तारीख होती, दहा वर्षांपूर्वीची, पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या आधीची. आत पट्टा होता, काळा, कोरा करकरीत.

"दहा वर्षं हा घरात पडून आहे?" धाकटीचा आवाज चढला. "आणि साधा लावून बघायला तुला सवड झाली नाही?"

"लावला होता," दादा म्हणाला. "तुझी रेकॉर्ड ऐकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग?"

"मग पुन्हा जुना घातला."