खरा धनी

बॉनेट कोमट लागलं.

आप्पासाहेबांनी तळहात उचलला आणि पुन्हा ठेवला. लोणीच्या बाजारात बैल घेतानाही ते आधी असाच कानाला हात लावून ताप बघायचे. केडगावच्या त्या जुन्या गाड्यांच्या शेडमध्ये अजून ऊन आलं नव्हतं. मग रात्रभर उभी असलेली गाडी गरम कशी, हे त्यांना कळेना. थंड गाडी पहिल्या झटक्यात चालू होत नसेल, तर विकणारा ती आधीच चालू करून ठेवतो, एवढं त्यांना ट्रॅक्टरवरून ठाऊक होतं.

शेडचा मालक करण काही बोलायच्या आत भाचा आदिनाथ म्हणाला, की तुम्ही येणार म्हणून पुसायला बाहेर काढली असेल. मामांचं समाधान झालं. भाचा पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याच्याच जिवावर ते पुणतांब्याहून आले होते.

गाडी काळी, परदेशी बनावटीची, आत चामड्याच्या सीटा. लेकीच्या, निकिताच्या, साखरपुड्याला व्याही अशाच गाडीतून आले होते आणि तेव्हापासून आप्पासाहेबांना दारातली जीप छकड्यासारखी दिसायला लागली होती. आता निकिताला सातवा लागला होता. येत्या आठवड्यात तिला पुण्याहून बाळंतपणाला आणायची, तर व्याह्यांच्या दारात गाडी कशी तोलामोलाची लागावी. बायकोनं, मुक्ताबाईंनी, निघताना एवढंच बजावलं होतं, की गाडी वाटेत बंद पडता कामा नये, बाकी तुमची हौस.

त्यांनी दार उघडलं. अत्तराचा भपकारा आला आणि त्याच्याखालून भिजल्या पोत्याचा वास. गोदावरीकाठच्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. पूर ओसरल्यावर घरादारात महिनाभर तोच असतो. त्यांनी आदिनाथकडे पाहिलं.

"एसी लई दिस बंद हुता, मामा. डॉक्टरची गाडी हाय पुण्याच्या. मीबी आजच पहिल्यांदा बघितली, पन मशीन लावून सगळी तपासली. डोळे झाकून घ्या."

आप्पासाहेबांनी डोळे झाकले. नाक झाकता आलं नाही, पण भाच्यापुढं नाकाचं कोण ऐकतो.

करण कौतुकानं आतला पडदा दाखवू लागला. चौदा स्पीकर आहेत, फोनवरचा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं, म्हणाला. आप्पासाहेबांनी हौसेनं आपला मोबाईल पुढं केला, पण गाडी तो घेईना. करण म्हणाला, नवा फोन ती अशी घेत नाही, आधी ओळख करून द्यावी लागते. एकदा ओळखला की मग विसरत नाही.

"बैलासारखंच हाय म्हना की," आप्पासाहेब खुशीत आले. "बाजारात खोडीचा बैल आसला का मालक लांब चहाच्या गाड्यावर जाऊन बसतो, आन् कासरा धरून दुसराच उभा ऱ्हातो. आमी कासऱ्याकडं बघतच न्हाई. बैल कुनाकडं मान वळवतो, ते बघतो. खरा धनी त्यो."

करण मोठ्यानं हसला. आदिनाथ वाकून टायर बघत होता.

चक्कर मारायला गाडी पुणे रस्त्याला काढली. आदिनाथ चालवत होता, शेजारी मामा, मागे करण. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली. आप्पासाहेबांनी मनातल्या मनात निकिताला मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. उपरण्याच्या टोकाला बांधलेला नारळ सोडायला घेतला. मघाचं नाक त्यांना आता उगाचच शंकेखोर वाटत होतं.

तेवढ्यात चौदाही स्पीकर एकदम वाजले.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव आलं, 'आई'. आदिनाथचा हात घाईनं पडद्याकडे गेला आणि नको तिथं लागला.

"आदिनाथ, दादाला पटली का रं गाडी?" आप्पासाहेबांची धाकटी बहीण झुंबरबाई खरोखरच शेजारी बसल्यासारखी बोलत होती. "तुझी हाय, पाण्यात बुडाली हुती, ह्ये कळलं न्हाई ना त्याला? येवहार झाला का लगी फोन कर. मी ताट करून बसलेय, पयलं मीच ववाळनार गाडीला."

आदिनाथनं गाडी कडेला घेतली. करण काचेतून बाहेर बघू लागला. आप्पासाहेबांना राग आलाच नाही. दर भाऊबीजेला हाच आवाज त्यांना पाटावर बसवत आला होता. सातव्या महिन्यातल्या निकिताला याच गाडीतून आणायची, हे झुंबरला माहीत होतं. ओटीत घालायला खण तिनंच तर आणून दिला होता.

आदिनाथ पुन्हा पडद्याकडे हात न्यायला लागला. आप्पासाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"झुंबर," ते पडद्याकडे बघून हळू म्हणाले, "पटली गं गाडी. लई गुनाची हाय. तिनं आदिनाथला बराबर वळखलं."

स्पीकर खरंच चांगले होते. झुंबरबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं, तेही गाडीत स्वच्छ ऐकू आलं.