भावजींची पसंती

शेजारीच राहणारा धाकटा दीर स्वतःहून वहिनीला नर्सरीत घेऊन गेला. ती गुलाबांपाशी रेंगाळली, तर हा पठ्ठ्या आग्रहानं तिला आतल्या शेडमध्ये घेऊन गेला.

“वहिनी, ही घ्या. यांना उजेड नसला तरी चालतं.”

“अहो भावजी, माझ्या खिडकीत दिवसभर ऊन असतं!” ती हसली, पण तिला त्याचं मन मोडवेना. कुंड्या घरी आणून ‘दीर असावा तर असा’ म्हणत ती गल्लीभर कौतुक सांगत फिरली.

महिन्याभरात त्याच्या नव्या खोलीची भिंत तिच्या खिडकीला खेटून वर चढली. भरदुपारी दिवा लावून ती त्या कुंड्यांकडे बघत बसली होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.



“वहिनी, तरी मी सांगत होतो ना, सावलीतलीच झाडं घ्या!”