टाक्यांची नवी आवृत्ती

आई घरी मशीनवर भरतकामाच्या ऑर्डरी घ्यायची. मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर कुठला प्रोग्रॅम अपडेट करायचा आणि कुठला नाही, हे तीच ठरवायची. सुट्टीला आलेल्या लेकानं पाहिलं, तर बाकी सगळे प्रोग्रॅम नवेकोरे होते. टाक्यांचा प्रोग्रॅम तेवढा तिनं जुन्याच आवृत्तीवर अडवून ठेवला होता.

"अगं, या नव्या आवृत्तीसाठी आमच्या ऑफिसनं वर्षभर जीव तोडून काम केलंय!" तो कळवळून म्हणाला.

"माहितीये. कोणी काय बदललं, ती यादी वाचल्याशिवाय मी होकार देत नाही. टाके घालायचा भाग तू लिहिलायस."

"मग तर डोळे झाकून घ्यायचं ना!"

आईनं गणवेशांच्या ढिगाआडून मान वर काढली.



"राजा, तुझ्या शर्टाची बटणं अजून मीच लावून देते."