तीन टिकल्या

वैजनाथला जन्मापासून दिसत नव्हतं, पण नायगावच्या लग्नांत सनई-चौघडा तोच फोनवरून लावायचा. फोन त्याला सगळं वाचून दाखवायचा. फक्त गाण्याच्या ॲपची बटणं मठ्ठ. कुठंही बोट ठेवलं की नुसतं ‘बटण’ म्हणायची, कसलं ते सांगतील तर शपथ! कंपनीला चारदा सांगून त्यानं तोंडाची वाफ दवडली. शेवटी बायकोनंच आपल्या तीन टिकल्या काचेवर चिकटवून दिल्या: सुरू, बंद, पुढचं. आज मुहूर्ताला तासभर उरला असताना तो दुरुस्तीला टाकलेला फोन घ्यायला दुकानात आला. फोन हातात येताच त्यानं काचेवरून अंगठा फिरवला. सगळं सपाट, गुळगुळीत. “टिकल्या कुठं हायत?” “काढून टाकल्या, काका,” दुकानदार म्हणाला. “लई घाण दिसून राहिल्या होत्या. वरून नवी काच बसवली, फुकटात. आता बघा, फोन कसा झकास दिसतो!” वैजनाथ कडाडला, “कुनाला?”