एका दुपारपुरता फोटो

कर्ज देण्याआधी घर बघायला आलेला बँकेचा माणूस लोरेटाच्या टापटीप घराची किंमत कवडीमोल लावून गेला. शेजारची गोरी मार्नी लगेच म्हणाली, “तू काळी आहेस म्हणून नाही गं! बाजारच मंदा आहे. प्रत्येक गोष्टीत रंग कशाला आणतेस?”

वाद घालून घालून लोरेटाची जीभ झिजली होती. ती एवढंच म्हणाली, “दुसरा माणूस बोलावते. त्या दिवशी घरमालकीण म्हणून दार तू उघड. आणि भिंतीवर लावायला तुमचा तो घरच्या सगळ्यांचा फोटो दे.”

“एवढंच ना? घे की!”

त्या दुपारी भिंतीवरचा आजीचा फोटो कपाटात ठेवून लोरेटा निघाली आणि चर्चमागे गाडी लावून आतच नखं कुरतडत बसली. रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला.

या खेपेला किंमत जवळजवळ दुप्पट आली. मार्नीने तिला मिठीच मारली. “बघ! म्हणत नव्हते मी? उगाच जिवाला लावून घेतेस!”

लोरेटाने स्टूल ओढत भिंतीपाशी आणलं.

“चढ,” ती म्हणाली. “तुमचा फोटो तूच उतरव. माझ्या आजीला कपाटातून बाहेर यायचंय.”